दांडा उचलून पाहणारा आकाराम

कडेगावच्या आकाराम मोहित्याला एक सवय होती. कुणाचीही बैलगाडी भरून उभी दिसली, की बैल जुंपायच्या आधी तो पुढं जायचा, जू एका हातानं उचलून बघायचा आणि हळूच खाली ठेवायचा. गाडीवाल्याची ओळख असो नसो. पटलं तर मान हलवून चालू लागायचा. नाही पटलं तर म्हणायचा, "दोन पोती पुढं घ्या." लोक हसायचे. पण पोती पुढं घ्यायचे.

सवय बापाची. बाप कऱ्हाडच्या स्टेशनावर गुळाच्या ढेपा पोचवणारा गाडीवान. मागं भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उठतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढं जास्त झाला तर तोच भार त्यांच्या मानेवर येतो. बापानं हे कधी बसून शिकवलं नाही. "गाडीला हातानं इचारायचं," एवढंच म्हणायचा आणि आकारामाला जू उचलायला लावायचा.

लढाई लागली तसा आकाराम पलटणीत भरती झाला आणि ट्रक चालवायला शिकला. विट्याचा रहिमान, नालबंदाचा मुलगा, त्याच्याच तुकडीत होता. दोघं एका ताटात जेवत. इटलीतल्या डोंगरात असताना एका सकाळी पाण्याची चाकांवरची मोठी टाकी डोंगरापलीकडं न्यायची होती. तिचा ट्रक बिघडलेला. म्हणून ती रहिमानच्या छोट्या गाडीला अडकवली. अडकवणारा आकारामच. रहिमान म्हणाला, "आक्या, ही जास्त हुतीया रं." आकारामानं गाडी चार हात पुढं घ्यायला लावली, टाकी हलली, आणि तो म्हणाला, "वडतीया नव्हं? मग चल की गड्या!"

चढ ती गाडी चढली. उताराला टाकीनंच तिला दरीत ढकललं. आकाराम मागच्या गाडीत होता. त्यानं सगळं पाहिलं.

सेहेचाळीस साली पलटणीतून सुटून आल्यावर तो पहिल्यांदा विट्याला गेला. रहिमानची पत्र्याची पेटी त्यानं त्याच्या आईपुढं, अख्तरबीपुढं ठेवली. म्हातारीनं पेटी उघडली नाही. तिनं एकच विचारलं, "कुणाची चूक झाली हुती का रं, बाबा?"

"घाट वाईट हुता, चाची," आकाराम म्हणाला.

घाट वाईट होता हे खरंच. पण एवढंच सांगून तो उठला. भाकरी वाढलेली होती, तर उपास आहे म्हणाला. पुढं विट्यावरून जायचं झालं की तो नालबंदाच्या गल्लीकडं पाठ करून बसायचा.

त्याच वर्षी त्याला लालासाहेबांकडं लॉरी चालवायचं काम मिळालं. लालासाहेबांचा फिरता तंबूचा सिनेमा. जत्रेत, बाजारच्या गावाला तंबू ठोकायचा, दहा दिवस खेळ करायचे आणि पुढचं गाव गाठायचं. बरोबर त्यांची आई राहीबाई, बायको चंद्राबाई, तिची दोन महिन्यांची लेक आणि सिनेमाला वीज देणारं इंजन चालवणारा बिराप्पा. पुरुष कुठंही पथारी टाकायचे, पण बायकांचे हाल व्हायचे. तंबूच्या कनातीआड चूल आणि तिथंच अंथरूण. म्हणून लालासाहेबांनी लष्कराच्या लिलावातून एक भला मोठा पत्र्याचा डबा आणला. कुणा साहेबाचं ते छावणीतलं घर असावं. आत झोपायच्या फळ्या, जाळीच्या खिडक्या, भांड्यांची मांडणी. खाली दोन दांडगी चाकं आणि पुढं लोखंडी दांडा. तो दांडा लॉरीच्या मागच्या हुकात अडकवायचा की घर चालायला लागलं! चंद्राबाईनं तर पहिल्या दिवशी डब्याच्या दारापुढं रांगोळी काढली.

डब्यात सगळ्यात आधी देव्हारा बसला. राहीबाईंचं कुलदैवत औंधची यमाई. देवीचा चांदीचा टाक, पितळी समई, गंगेचा गडू, असं सगळं पुढच्या भिंतीशी मांडलं, म्हणजे प्रवासात देवी पुढं आणि माणसं तिच्या मागं. सिनेमाचं इंजन मात्र तेलानं माखलेलं धूड, त्याला चामड्याचा पट्टा. ते देवीजवळ कसं ठेवणार? ते गेलं अगदी शेवटाला, दाराशी. त्याच्याच कडेला तेलाचं पिंप आणि तंबूचे लोखंडी खुंटे. कुणी कुणाला सांगावं लागलं नाही.

पहिल्यांदा डबा जोडताना लालासाहेबांनी दांडा एका हातानं उचलला आणि खूश झाले. "फुलावानी हाय की रं आकाराम! म्या म्हनलं चार माणसं लागतील."

आकारामानं दांडा हातात घेतला. दांडा आपणहून वर यायला बघत होता.

"मालक, डबा उलाळ हाय. इंजन पुढं घ्यायला पायजे."

"पुढं देवी हाय. आईला काय सांगू? इंजनाच्या पट्ट्याला जागा कर म्हणून?"

बिराप्पा खदखदून हसला. विषय तिथंच राहिला.

पुढं फलटणच्या बाजूला मुक्काम असताना आकारामानं आणखी एक केलं. साखर कारखान्यावर उसाच्या गाड्या तोलायचा काटा असतो. तिथल्या माणसाला दोन खेळ फुकट दाखवायचं कबूल करून त्यानं आधी लॉरी आणि मग डबा तोलून घेतला. डबा लॉरीपेक्षा चौदा मणांनी जड निघाला.

"आरं, मग?" लालासाहेब म्हणाले. "बैलापरास गाडी जड आसतीच की."

"बैल चार पाय रवून हुभा ऱ्हातो, मालक. हिला रबराची चाकं हायत."

"पर वडतीया का न्हाई?"

इटलीत आकारामानं रहिमानला हेच शब्द म्हटले होते. तो म्हणाला, "वडती किती ते कुणीबी सांगंल. रोखून धरती किती ते उताराला कळतं. आन् तवा कळून काय उपेग न्हाई."

लालासाहेबांनी खांद्यावर थाप मारली. "लढाईतनं आलास, आन् लाल मातीच्या रस्त्याला भ्यायला लागलास?"

फलटणचा रस्ता सपाट म्हणून निभावलं. तरी वेग जरा वाढला की डबा मागून शेपूट मारायचा आणि आरशात एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं दिसायचा. आकाराम बैलाच्या चालीनं लॉरी हाके. आत चंद्राबाई लेकीला पाळण्यात घालून ओवी म्हणायची. तो आवाज इंजिनाच्या घरघरीतूनही त्याला ऐकू यायचा आणि त्याचे हात सुकाणूवर घट्ट व्हायचे.

पौषात औंधची जत्रा झाली. राहीबाईंनी डोंगर चढून देवीची ओटी भरली. तिथून कडेगाव झालं, आणि पुढं कृष्णाकाठाला उतरायचं ठरलं. मध्ये घाट. फार उंच नाही, पण वळणं अरुंद, वर सुटी खडी आणि एका अंगाला खोल ओढा.

सकाळची दहाची वेळ. घाटमाथ्यावर आकारामानं लॉरी थांबवली, चाकं सरकू नयेत म्हणून दगडांच्या उट्या लावल्या आणि लॉरी चालू करायचं लोखंडी हँडल लालासाहेबांच्या हातात दिलं.

"ह्ये काय?"

"मी न्हाई न्हेत. तुमी दुसरा डायवर बघा."

"ऐन घाटावर? आरं, माथं फिरलं का तुझं? उद्या तंबू लागायचाय!"

"लागू दे न्हाईतर न लागू दे. आत ल्येकरू हाय."

लालासाहेब संतापले. भित्रा म्हणाले, निमकहराम म्हणाले. आकाराम म्हणाला, "व्हय मालक, भ्यालोय. येकदा न्हवतो भ्यालो. त्या दिशी माझा दोस्त गेला. म्याच म्हनलो हुतो त्याला, वडतीया, चल म्हणून."

आजवर हे तो कुणापाशी बोलला नव्हता. लालासाहेबांचा आवाज खाली आला, पण हट्ट गेला नाही. "मग काय करू मी? देव्हाऱ्याफुडं इंजन ठिवू? आई जेवायची बंद हुईल."

डब्याचं दार उघडलं. राहीबाई दारात उभ्या होत्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पदर डोक्यावरून. "कोण जेवायचं बंद हुतंय?"

आकाराम पुढं झाला. त्यानं एक काठी दगडावर आडवी टाकली, मागच्या टोकाशी धोंडा ठेवला, पुढचं टोक वर उठलं ते दाखवलं. "आई, ह्यो आपला डबा. भार समदा मागं हाय. वळणावर डबा लॉरीला ढकलणार आन् तिची मागची चाकं उचलून धरणार. मग बिरेक माझ्या पायात न्हाई, देवाच्या हातात. इंजन फुडं घेतलं तर दांडा लॉरीवर दाबून बसंल. तरीबी डबा जडच. आत माणूस नगं."

राहीबाईंनी काठीकडं पाहिलं, मग लेकाकडं. "ह्ये कवापासनं ठावं हाय तुमाला?"

"डबा आणल्यापासनं," आकाराम म्हणाला.

"आन् मला कुणी इचारलं का?"

लालासाहेब पुटपुटले, "तुला चाललं नसतं, आई. चामड्याचा पट्टा..."

"माझ्या मनातलं तू परस्पर ठरिवलंस व्हय रं? देवीला चामडं चालत न्हाई म्हणून नात दरीत घालायची, आसं कुठल्या पोथीत हाय?"

त्या आत गेल्या. देव्हाऱ्यापुढं हात जोडून त्या बऱ्याच वेळ बसल्या. मग यमाईचा टाक नव्या खणात गुंडाळून त्यांनी छातीशी धरला, वहाणा डब्यातच ठेवल्या आणि खडीवर उतरल्या.

"आज देवी पायी चालणार. ती खाली उतरली म्हंजे समदी उतरली. देवी पायी आन् तुमी बसून, हे चालतंय व्हय? सूनबाई, पाळण्याची झोळी कर. आन् बिराप्पा, हसत काय हुबा ऱ्हायलास? तुझं ते धूड आण फुडं!"

देव्हारा उतरवून दोऱ्यांनी लॉरीच्या टपाला बांधला. इंजन, पिंप, खुंटे ओढत डब्याच्या पुढच्या अर्ध्यात आणले आणि खाली दोर आवळले. आकारामानं दांडा उचलून बघितला. आता तो दोन्ही हातांनी, कण्हत उचलावा लागला. हुकात बसताच लॉरीचं मागचं अंग चार बोटं दबलं. त्यानं साखळी दुहेरी टाकली, लॉरीला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि वर चढला.

पहिल्या गिअरात, बैल पाणी पिऊन परततात तसा, तो घाट उतरू लागला. लॉरीच्या दोन्ही अंगांना लालासाहेब आणि बिराप्पा हातात दगड घेऊन. वळण आलं की थांबायचं, उट्या लावायच्या, चाकं निवू द्यायची. बरंच मागं राहीबाई अनवाणी, त्यांच्यामागं झोळीतली लेक घेऊन चंद्राबाई. राहीबाई नामस्मरण करीत होत्या, पण आवाज लॉरीपर्यंत येत नव्हता.

तिसऱ्या वळणावर खडी सरकली. डब्यानं लॉरीला ढकललं आणि लॉरी ओढ्याच्या अंगाला चार हात घसरली. आकारामानं सुकाणू डोंगराकडं पिळलं. मागच्या चाकांनी खडी खाल्ली, रुतली, धरली. डबा डोंगराला टेकून थांबला. पत्रा फाटला, खिडकीची जाळी आत गेली, नेमकी पाळणा टांगायच्या जागी.

बिराप्पानं उट्या लावल्या. लालासाहेबांनी हातातला दगड दुसऱ्या चाकाखाली सारला.

तळाला पोचायला दुपार झाली. आकारामानं तांब्याभर पाणी चाकाच्या तापलेल्या ब्रेकवर ओतलं. चर्र झालं आणि वाफेचा लोट उठला. लालासाहेबांनी तो पाहिला आणि फाटक्या पत्र्यावरून हात फिरवला. "जड लॉरी बघू," म्हणाले. "तवर इंजन येगळ्या गाडीनं न्हेऊ." मग म्हणाले, "आन् घाटात कुणी आत बसायचं न्हाई."

राहीबाईंच्या पायाला खडी टोचून रक्त आलं होतं. त्यांनी आधी टाक लॉरीच्या टपावरून उतरवलेल्या देव्हाऱ्यात ठेवला, समई लावली आणि मगच पाय धुतले.

तंबू लागल्यावर आकारामानं एक दिवसाची रजा मागितली आणि तो विट्याला गेला. अख्तरबी दाराशी ज्वारी निवडत होती. तो उंबऱ्यापाशी बसला आणि त्यानं सगळं सांगितलं, टाकी कुणी अडकवली, रहिमान काय म्हणाला आणि आपण काय म्हणालो. एक शब्द गाळला नाही. मग परवाच्या घाटाचंही सांगितलं.

म्हातारीचे हात सुपात तसेच राहिले. तिचे डोळे वाहत होते, ते तिनं पुसले नाहीत.

"त्या घाटात समदी उतरली हुती का रं?" तिनं विचारलं.

"उतरली हुती, चाची. ल्येकरूबी."

तिनं सूप बाजूला सारलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

"आज उपास न्हाई न्हवं?"

"न्हाई, चाची."

"मग आत ये. भाकरी टाकते."