सूनबाईला एक, पोरीला एक

ताडकळसच्या आमच्या वाचनालयात मी सोळा वर्षं ग्रंथपाल आहे. ग्रंथपाल म्हणजे कुलूप उघडायचं, झाडून घ्यायचं, वर्तमानपत्रं टेबलावर मांडायची, नव्या पुस्तकांना खाकी कव्हर घालायचं आणि समितीच्या अध्यक्षांचं ऐकून घ्यायचं. तीन वर्षांपूर्वी अध्यक्षांच्या डोक्यात आलं की वाचनालयानं दर रविवारी नव्या पुस्तकांची शिफारस करावी. एक मोठ्यांसाठी, एक अगदी लहान मुलांसाठी. फळ्यावर लिहायची आणि मोबाईलच्या ग्रुपवर टाकायची. "बाई, तुमच्याएवढं वाचलेलं इथं कोण हाय?" असं ते चारचौघांत म्हणाले आणि मी मान डोलावली. तिथंच फसले.

कारण तेव्हा माझं वाचन बंद पडून बरेच दिवस झाले होते. भांडण नाही, दुखणं नाही, काही कारण नाही. पुस्तक उघडायचं, दुसऱ्या पानावर मन कुकरच्या शिट्ट्या मोजायला निघून जायचं आणि पाचव्या पानावर डोळा लागायचा. ज्या बाईनं लग्नात रुखवतावर पुस्तकं मांडली तिनं हे सांगायचं कुणाला? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग तिथं बसून करतेस काय?"

लहान मुलांची पुस्तकं मी वाचायची. ती चित्रं बघत दहा मिनिटांत होतात, त्यामुळे त्या शिफारशी खऱ्या असत. मोठ्यांच्या पुस्तकाचं मात्र मलपृष्ठ वाचायचं, पहिलं पान, शेवटचं पान आणि मधलं एखादं. मग लिहायचं, 'मनाचा ठाव घेणारी कादंबरी' किंवा 'वेगळ्या वाटेनं जाणारी'. लोक विश्वासानं न्यायचे. शनिवार उजाडला की मी पुन्हा मलपृष्ठं चाळत बसायची. खरं सांगावं तर सोळा वर्षांची अब्रू जाते, न सांगावं तर पुढचा रविवार येतोच.

आमच्याकडे आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका वाचनालयात येत नाहीत. त्यांची पुस्तकं बाजाराच्या दिवशी येतात, घरातल्या पुरुषाच्या पिशवीतून. "हे घ्या, दुसरं द्या," एवढाच निरोप. कोणतं, ते मी ठरवायचं. अशा कितीतरी बायकांना मी वर्षानुवर्षं पुस्तकं निवडून दिली आहेत ज्यांचं तोंडही मी पाहिलेलं नाही. पानावरचा हळदीचा डाग कुठं थांबला यावरून मी अंदाज बांधायची की बाईनं कुठवर वाचलं. त्याचाही मला अभिमान होता.

त्यातच एक म्हातारे होते. थोडी शेती, दहा-बारा शेळ्या. स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण सून बारावी शिकलेली, आणि ते सांगताना त्यांचा आवाज चढायचा. दर बाजाराला यायचे आणि पिशवी टेबलावर ठेवून म्हणायचे, "सूनबाईला एक, पोरीला एक. सूनबाईचं जाड द्या, नवं द्या." पोर म्हणजे चार वर्षांची नात. मी शिफारशीसाठी काढून ठेवलेलंच मोठ्यांचं पुस्तक द्यायची, म्हणजे निवडायचे कष्ट वाचायचे.

म्हाताऱ्यांची एक सवय होती. पुस्तक परत करताना ते बाकावर बसून त्यातली गोष्ट सांगायचे. सून संध्याकाळी मोठ्यानं वाचते आणि आपण ऐकतो, असं म्हणायचे. एकदा मी त्यांना शहरातल्या एका जोडप्याच्या मोडत्या संसाराची नवी कादंबरी दिली होती. मलपृष्ठावर 'नात्यांचा तळ शोधणारी' असं काहीसं होतं. म्हाताऱ्यांनी सांगितलं ते असं: एक बाई नणंदेच्या लग्नात तूप काढायला कोठीच्या खोलीत जाते आणि बाहेरून कुणीतरी कडी घालतं. ती आतून हाका मारते, पण बाहेर बँड वाजतोय. वरात येते, अक्षता पडतात, पंगती उठतात, सगळं तिला आतून ऐकू येतं. संध्याकाळी कडी निघते तेव्हा सासू विचारते, "तूप कुठंय?" ती कुठं होती ते कुणीच विचारत नाही.

माझ्या अंगावर काटा आला. आजकालच्या कादंबऱ्यांत असं मधूनच काहीतरी वेगळं येतं, असं मी मनाशी म्हटलं आणि रविवारी शिफारशीत कोठीतली बाई लिहून टाकली. तीन वर्षांत इतकी चांगली शिफारस मी लिहिली नव्हती. ग्रुपवर लोकांनी हात जोडले. मग मला चटकच लागली. म्हातारे सांगायचे आणि मी लिहायची. एका पुस्तकात माहेरी निघालेली बाई एसटीत बसते आणि तिचं गाव येतच नाही. दुसऱ्यात एकीला सगळं घर मोठ्या सुनेच्या नावानं हाक मारतं. पुस्तकं वेगवेगळ्या लेखकांची होती, गोष्टी मात्र बहिणी-बहिणी वाटायच्या. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तो पाडला गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी. ते समितीवर आहेत आणि हातात पेन्सिल धरून वाचतात. कोठीतल्या बाईची ती कादंबरी त्यांनी शिफारस वाचून नेली होती, ती आठ दिवसांनी टेबलावर ठेवली.

"बाई, कोठीतली बाई कितव्या पानावर हाय?"

"पुढं आहे, वाचत राहा," मी म्हणाले.

"संपलं पुस्तक," गुरुजी म्हणाले. "दोनदा वाचलं."

बाजाराला येणाऱ्या शेळ्यांवाल्या बाबांनीही हेच सांगितलं होतं, मी बघते, म्हणून वेळ मारून नेली. त्या दिवशी सकाळी अकराला वाचनालय बंद केल्यावर घरी न जाता आतून कडी लावली आणि चारपर्यंत ती कादंबरी सबंध वाचली. किती वर्षांनी एक पुस्तक पुरं केलं, तेही भीतीपोटी. कोठी कुठंच नव्हती. होतं ते नवरा-बायकोचं, परक्या पुरुषाचं, दारूचं, आणि पलंगावरचं तर पानोपानी. वाचता वाचता माझ्या डोळ्यांपुढं ती सून आली, डोक्यावर पदर घेऊन सासऱ्यासमोर हेच पुस्तक उघडून बसलेली. मला लाजेनं घाम फुटला. हे तिच्या हातात मी दिलं होतं.

दोन-तीन दिवसांनी ती सून स्वतः आली आणि बाबांची सून म्हणून ओळख सांगितली. लेकीला सरकारी दवाखान्यात लस द्यायला आणलं होतं, सोबतची शेजारीण बाहेर थांबली होती. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. सडपातळ, पंचविशीतली, बोलताना सारखं दाराकडं बघणारी. मी तिला बसवलं आणि कोठीचं विचारलं. तिनं मान खाली घातली. सासऱ्याला ती मामा म्हणत होती.

"मामा पुढ्यात बसतेत, म्हणतेत वाच. पयल्या बारीला वाचायला गेले तर तिसऱ्या पानावर तसलं. मामापुढं कसं वाचू, बाई? थांबले तर म्हणले, काय झालं? मंग तोंडाला येईल ते सांगितलं."

"मला निरोप द्यायचा. मी दुसरं दिलं असतं."

"आधी वाटलं, द्यावा. मंग म्हणलं, कशाला? दिसभर घरात मला कुणी काय इचारत न्हाई. जेवणाच्या आधी तेवढा एक घंटा मी बसते आन् समदे गप ऐकायलेत. सासूबाई सुदिक. पुस्तक हातात हाय म्हणून ऐकतेत. माझं म्हणून कोण ऐकंल?"

तिनं लेकीला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "सांगू नका, बाई. लय इज्जतीचा सवाल हाय." मी शब्द दिला. दिला तेव्हा तो खराच होता.

पुढच्या बाजाराला गुरुजी आधीच येऊन बाकावर बसले होते. म्हातारे आले, पिशवी ठेवली, आणि गुरुजींनी कादंबरी त्यांच्यापुढं धरली. "हे तुमीच सांगितलं म्हणतेत बाई. कोठीचं कुठं हाय, दावा."

"सूनबाईनं वाचून दावलंय," म्हातारे म्हणाले. "बारावी शिकलेली हाय ती."

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी हे पुस्तक वाचलंच नव्हतं, कुठली गोष्ट कुठल्या पुस्तकात आहे हे मला माहीत नाही, सगळा घोळ माझा आहे. एवढं म्हटलं असतं तर गुरुजी माझ्यावर घसरले असते आणि सून बाजूला राहिली असती. मी ते वाक्य जिभेवर आणलंही. मग फळा दिसला, अध्यक्ष दिसले, नवरा दिसला, आणि मी म्हणाले, "बाबांच्या ऐकण्यात काही गल्लत झाली असेल."

म्हाताऱ्यांचा चेहरा उतरला. "म्हंजी मी खोटं बोलायलोय?"

"तसं नाही, बाबा."

"द्या ते पुस्तक," ते म्हणाले. "घरी जाऊन सूनबाईकडून पान काढून आणतो."

मी काय करायला हवं होतं हे मला आजही ठाऊक आहे. पुस्तक द्यायचं नव्हतं. मी रजिस्टर पुढं ओढलं, तारीख घातली, नोंद केली आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं. ते पोरीचंही पुस्तक न घेता गेले.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मलाच माहीत. घरात पोळ्या करपल्या. तिच्या घरी जावं तर काय म्हणून जावं? फोन करावा तर फोन म्हाताऱ्यांच्या खिशात. रविवार आला, मी फळ्यावर शिफारस लिहिली आणि घरी येऊन रडले. रडताना माझ्याच बेगडीपणाचा राग येत होता, कारण फळा मात्र मी वेळेवर लिहिला होता.

बाजाराच्या दिवशी म्हातारे आले. कादंबरी टेबलावर ठेवली, बाकावर बसले नाहीत.

"पान न्हाई निघालं," ते म्हणाले. "सूनबाईला आता काय नको. पोरीचं तेवढं द्या."

"त्या बऱ्या आहेत का?"

"बरी हाय. मी आवाज चढवला जरा. आठ दिस झाले, घरात तोंड उघडीना."

तेव्हा मी सांगितलं. उभं राहून सांगितलं की ते पुस्तक मी न वाचताच पाठवलं होतं, पुढं वाचलं तेव्हा मलाच लाज वाटली, ते सासऱ्यापुढं कुठल्याच सुनेला वाचता आलं नसतं. गल्लत तुमची नव्हती, माझी होती, आणि हे मी त्याच दिवशी बोलायला पाहिजे होतं. म्हाताऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तवाच बोलायचं होतं, बाई," एवढंच म्हणाले. गुरुजींना मी अजूनही सांगितलेलं नाही. रविवारची शिफारस चालू आहे, आता निदान पुस्तक वाचून लिहिते, पण अंगावरचं ओझं तेवढंच आहे.

लहान मुलांच्या कपाटातून मी नव्यानंच आलेलं एक पुस्तक काढलं. त्यांनी पानं उलटली. अक्षर येत नसलं तरी अक्षर आहे की नाही हे त्यांना कळत होतं.

"ह्यात तर काय लिव्हलंच न्हाई."

"नाही. नुसती चित्रं आहेत. ज्यानं हातात धरलं त्यानं बघून सांगायचं. जे सांगेल तीच गोष्ट."

"आन् खरं कुठलं, खोटं कुठलं?"

"ह्यात खोटं काही निघतच नाही, बाबा."

ते पुष्कळ वेळ एकाच चित्रावर थांबले. "मंग हे पोरीला तिच्या आईनंच सांगायला पायजे."

"हो."

"मी बसलो बाजूला ऐकत, तर चालंल का?"

"ते तुम्ही त्यांना विचारा," मी म्हणाले.

सासऱ्यानं सुनेला विचारायचं, हे त्यांच्या घरात कधी झालेलं नसणार. पुस्तक पिशवीत घातलं, पिशवीचे बंद मुठीत धरले, आणि दारापर्यंत गेल्यावर म्हणाले, "इचारतो."