लॅपटॉपची दुसरी धार

लॅपटॉप कसला हवा ते मला पक्कं ठाऊक होतं, पण आमच्या वस्तीवर ते ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं. चुलतभावाला कीबोर्डखाली रंगीत दिवे लागणारा, गेम खेळायचा लॅपटॉप हवा होता. काकूचं म्हणणं, स्क्रीन मोठी घे, म्हणजे घरातल्या सगळ्यांना एकदम दिसेल. जसं काही मी टीव्हीच आणायला निघाले होते. आणि वडील, ज्यांनी आजवर कीबोर्डला बोटही लावलं नव्हतं, ते एकच पालुपद धरून बसले होते. "जरा जडच घे. हलकं काय कामाचं न्हाई."

मी ते हसण्यावारी नेलं. उसाचा शेतकरी, काट्यावर वजन भरलं की त्याचंही मन भरतं. "अण्णा, लॅपटॉप काय उसासारखा फॅक्टरीला घालायचाय का?" असं मी म्हणायची. दुसऱ्या दिवशी जेवताना पुन्हा तेच.

मला मात्र ही खरेदी चुकवून चालणार नव्हती. पुण्यात बरीच वर्षं सॉफ्टवेअरचं काम करून मी विटले होते. कामाला नव्हे, काम मला मनापासून आवडतं. विटले होते त्या भाड्याच्या खोलीला, त्या डब्याला, आणि दर रविवारी कोपरगावच्या स्टँडवर वडिलांना मागे ठेवून एसटीत चढण्याला. आमची कंपनी लहान. साहेब म्हणाले, गावाकडून काम कर, पण लॅपटॉप तुझा तू आण. महिनाभर बघू. लाइट गेली, मशीन अडकलं, असली कारणं चालणार नाहीत. काम मागे पडलं तर परत ऑफिसात यायचं. मला घरी राहायचं होतं. दुसरं काहीही तेव्हा मला इतकं हवं नव्हतं.

आमच्याकडे भर दुपारी लाइट जाते आणि कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. वर पत्रा, त्यामुळे खोली तापते. म्हणून बॅटरी दमदार हवी, मशीन उन्हाळ्यात टिकणारं हवं, आणि पुढेमागे रॅम वाढवता यायला हवी. दिसायला कसाही चालला असता.

कोपरगावात दुकानात गेलो तेव्हा वडील इस्त्रीचा सदरा घालून आले होते. दुकानदाराने आधी एक चंदेरी, पातळ लॅपटॉप काढला. "मॅडम, आजकाल सगळे आयटीवाले हाच नेतात," म्हणत त्याने त्यावर डोंगरदऱ्यांचा व्हिडिओ लावला. मी तो बंद केला आणि पर्समधून पेनड्राइव्ह काढला. त्यात माझा एक जुना प्रोजेक्ट होता आणि तो चालवायला लागणारं सगळं होतं. लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्राम तयार करायचा, याला आम्ही बिल्ड म्हणतो. त्यात मशीनचा खरा कस लागतो. मी बिल्ड लावला, तर पठ्ठ्याने तो झटक्यात उरकला.

"बघा! बिल करू का?" दुकानदार खूश.

"थांबा," मी म्हणाले. "अजून दुसरी धार बघायचीय."

त्याला कळेना. वडील मात्र गालात हसले. आमच्याकडे दुभती गाय एका धारेवर कुणी घेत नाही. विकणारा आदल्या वेळचं दूध न काढता तसंच ठेवतो, मग कास भरलेली दिसते आणि बादलीही भरते. म्हणून घेणारा मुक्काम करतो आणि सकाळची धार स्वतः काढून बघतो. गाय काय आहे ते तेव्हा कळतं. मी त्याच गोठ्यात वाढलेय.

"चार्जर काढा," मी म्हणाले. "आणि एसी बंद करा."

"एसी?" त्याने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी मान डोलावली.

दुसऱ्या बिल्डला तो चंदेरी रेंगाळला, तिसऱ्याला धापा टाकायला लागला. तळाला हात लावला तर चांगलाच तापलेला. मग दुकानदाराने रंगीत दिव्यांचा, गेमवाला आणला. तो पळाला खरा, पण पंखा पिठाच्या गिरणीसारखा घोंघावू लागला आणि बॅटरी बघता बघता खाली आली. वडिलांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि त्यांचा चेहरा खुलला. "ह्यो बघ. ह्यो जड हाय!"

"अण्णा, ठेवा तो खाली."

कोपऱ्यात एक काळा, साधा लॅपटॉप पडला होता, जुन्या मॉडेलचा. दुकानदार घामाघूम होऊन म्हणाला, "तो कुणी मागत नाही, मॅडम." मी मागितला. पहिला बिल्ड, दुसरा, तिसरा, सगळे एका चालीत. बॅटरीही फारशी उतरेना. कीबोर्डवर बोटं नीट बसत होती, आणि रॅम वाढवायला जागा होती. माझं ठरलं.

वडिलांनी तो एका हातात तोलला आणि त्यांचं तोंड उतरलं. "लई हलका हाय गं. कुटंबी उचलून न्यावा असा."

"म्हणून तर चांगलाय," मी म्हणाले, आणि बिल करायला सांगितलं.

त्या महिन्यात लाइट मनाला येईल तेव्हा गेली. माझं काम एकदाही मागे पडलं नाही. मला त्याचं आश्चर्यही वाटलं नाही, कारण मी तो पारखून घेतला होता. महिना संपला तसा साहेबांचा फोन आला. म्हणाले, आता तिकडूनच काम कर. मी तशीच गोठ्यात पळाले. वडील धार काढत होते.

"अण्णा, मी इथंच राहणार. पुण्याला परत जायचं नाही."

त्यांचे हात थांबले. गाईने मान वळवून पाहिलं, तरी ते हलले नाहीत. मग म्हणाले, "मंग असू दे हलका."

"म्हणजे?"

"जड असता, तर उचलून न्यायच्या आदी तू एकदा तरी इचार केला असता," ते म्हणाले, आणि पुन्हा धार काढू लागले.