घरमालकांचा उजवा अंगठा

बोंडअळीच्या वर्षी, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, पांढरकवड्याच्या कापूस बाजारात माझ्या घरमालकांच्या उजव्या अंगठ्याचं नख एका शेतकऱ्याच्या कापसात पडलं. नख प्लास्टिकचं होतं.

स्वतःच्या एका अंगठ्यावर इतका जीव लावणारा दुसरा माणूस केळापूर तालुक्यात झालेला नाही. घरमालक कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर होते. गाडीतून मूठभर कापूस उचलायचा, सरकीवरचा धागा दोन अंगठ्यांच्या नखांनी धरून हळूच ताणायचा आणि माल कसा आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी उजव्या अंगठ्याला त्यांनी संसारातल्या बाकी सगळ्या कामांतून सूट दिली होती. संत्रं ते डाव्या हाताने सोलत. कुणी हात मिळवला तर अंगठा आत मुडपून घेत. कापूस दिसला की मात्र अंगठा बाहेर येई. पाहुण्यांच्या घरी उशीच्या शिवणीतून, देवळात वातीतून, लग्नात अत्तराच्या बोळ्यातून ते धागा ओढून पाहत. एकदा दवाखान्यात नर्स इंजेक्शनपूर्वी त्यांच्या दंडावर बोळा घासत होती. तो त्यांनी काढून घेतला, चिमटीत धरला आणि म्हणाले, "बाई, माल ओला आहे." बोळा स्पिरिटचा होता.

त्या उन्हाळ्यात मेटॅडोरच्या फाळक्यात अंगठा सापडला आणि नख गेलं. दिवाळीपर्यंत नवं आलं ते अर्धंच, तेही कागदासारखं. धागा बोटांतून निसटू लागला. नेमका त्याच वर्षी चांगला माल आणि अळीने डागाळलेला, आखूड धाग्याचा माल एकाच गाडीत येत होता, आणि व्यापारी सगळ्यालाच हलका म्हणायला तयार बसले होते. शेतकरी फक्त या अंगठ्याचं ऐकत. जिनिंगच्या मालकांनी सांगितलं, सोमवारी पाहू, नाही जमलं तर वजनकाट्यावर बसा. "काट्यावर कोनी बी बसते," घरमालक जेवताना म्हणाले. "नख नसन तं धागा बोलत नाही."

घराच्या पुढच्या खोलीत नसरीनचं पार्लर होतं. तिचा नवरा मेकॅनिक. भाडेकरू म्हणून ती दोघं माझ्याहून जुनी. घरमालक तिच्या खुर्चीत पहिल्यांदा बसले, तेव्हा बाजूच्या खुर्चीत मेंदी लावलेली एक नवरी होती. त्यांच्या बायको, आमच्या काकू, दारातूनच म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मले नखपालिशची एक बाटली आनली नाही. आता सोता पार्लरात बसून राह्यले."

घरमालकांनी चिकटवायचं तयार नख मागितलं. नसरीन म्हणाली, "काका, हे लग्नापुरतं राह्यते. मी बी हेच लावतो, नमाजच्या आधी काढता येते म्हनून. बाजारात नाही टिकनार."

"निघते तेच बरं. काम झालं का काढून टाकीन, मालकाले दिसनार नाही."

सोमवारी ते निघालंच. शेतकऱ्याने कापसातून उचलून तळहातावर ठेवलं आणि म्हणाला, "काका, कचरा आहे म्हनून माह्या मालाले नावं ठेवता. हा कचरा कोनाचा?" बाजार हसला. घरमालक काट्यावर गेले.

मग नसरीनने जेल पॉलिश लावून पाहिलं. ते दिव्याखाली वाळतं, चकाकतं, पण असतो तो नुसता लेप. आखूड नख आखूडच राहतं, आणि चकाकीवरून धागा घसरला. नंतर जेलचंच लांब नख बसवलं. ते जरासं वाकतं, म्हणून बायकांना सोयीचं वाटतं. घरमालकांनी ते दाबून पाहिलं आणि म्हणाले, "हे तं व्यापाऱ्यावानी आहे. दाबलं का वाकते."

उरलं ॲक्रिलिक. पावडर आणि द्रव ब्रशवर एकत्र घेऊन नखावर चढवतात, ते हवेनेच दगडासारखं घट्ट होतं. वास माझ्या खोलीपर्यंत आला. "हलू नका, काका," नसरीन म्हणाली. "कड उचलली का धागा अडकन. मंग भरून घ्यायले यावं लागन."

"चमक काढ पह्यले."

तिने कानशीने चमक घासून काढली. घरमालकांनी तिच्याच पुड्यातला कापूस ओढून पाहिला. "धागा आखूड आहे," ते समाधानाने म्हणाले.

पुढच्या बाजाराला तोच शेतकरी गाडी घेऊन आला. घरमालक काट्यावरून उठून, न विचारता, गाडीशी गेले. एक मूठ वरून घेतली, एक तळातून. "वरचा चांगला आहे. खालचा अळीचा. दोन भाव करा."

मालकांनी शेतकऱ्याकडे पाहिलं. "खरं आहे," तो म्हणाला. "खालचा मांगच्या वावरातला आहे." मग घरमालकांना वाकून म्हणाला, "काका, आज नख घेऊन जासान ना घरी?"

काट्यावर दुसरा माणूस बसवण्यात आला.

होळीपर्यंत खालचं खरं नख पूर्ण आलं. ॲक्रिलिक काढून टाकू, असं नसरीनने सुचवलं. "राहू दे," घरमालक म्हणाले. "त्याले काम येते."

त्यानंतर काही हंगामांनी जिनिंगमध्ये धागा मोजायचं यंत्र आलं. नसरीनने पार्लर यवतमाळला, लोहारा भागात नेलं. घरमालक आता कामावर जात नाहीत. गेल्या शनिवारी ते सकाळच्या बसने यवतमाळला गेले आणि अंगठ्याचं नख भरून संध्याकाळी परत आले. सदऱ्याच्या खिशात पार्लरमधला कापसाचा बोळा होता. त्याचा धागा ओढलेला होता.