बाबा झोपलेत

त्या वॉर्डात तिला सगळे ‘तोफ सिस्टर’ म्हणायचे. आवाजच तसा होता. या टोकाहून ओरडली की त्या टोकाचा पेशंट मुकाट्यानं गोळी गिळायचा. बावीस वर्षांच्या नोकरीत तिला खचलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

साथीच्या दुसऱ्या लाटेत तिच्याकडे शाळेच्या बसचा एक ड्रायव्हर होता. नऊ दिवस झुंजला आणि एका दुपारी गेला. डॉक्टर दुसऱ्या पेशंटपाशी अडकले होते, घरी कळवायचं राहिलं होतं. सिस्टर त्याचं सामान पिशवीत भरत असताना त्याचा फोन वाजला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिनं उचलला.

“बाबा?” लहान मुलीचा आवाज होता.

“मी सिस्टर बोलतेय, बाळा. आई कुठंय?”

“आंघोळीला गेलीय. बाबांना द्या ना. माझा दात पडला.”

सिस्टरनं हातातली पिशवी खाली ठेवली. शेवटी म्हणाली, “बाबा झोपलेत.”

“बरं. उठले की सांगा हं. पुढचा, वरचा.”

“सांगते.”

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरची बायको सामान न्यायला आली. दारातूनच म्हणाली, “झोपलेत म्हणून कुणी सांगितलं तिला? मी समजावतेय, तर ती मलाच खोटं पाडतेय. म्हणते, सिस्टर कशाला खोटं बोलतील?”

सिस्टरनं पिशवी पुढे केली. ‘मीच सांगितलं’ एवढं काही तिला म्हणवलं नाही.

कामात ती कुठंच चुकली नाही. घरी मात्र सासरे दुपारी जरा आडवे झाले की जाऊन त्यांना हलवायची. “अगं, आहे मी अजून! एवढ्यात पिच्छा सोडत नाही तुझा,” ते हसून म्हणायचे. दिवसातून पाच-सहा वेळा व्हायला लागलं, तेव्हा त्यांचं हसू मावळलं. एका सुट्टीच्या दिवशी तिनं झोपलेल्या नवऱ्याला गदागदा हलवलं आणि तो उठून बसला तरी हलवतच राहिली. हात थांबेनात. सासऱ्यांनी ते धरून ठेवले. तेव्हा कुठं सगळं बाहेर आलं.

“मी वेडी झालेय का हो?”

“वेडी नाहीस, पोरी. पार मोडून गेलीयस. उद्या डॉक्टरकडे जाऊ. मी येतो.”

औषधं सुरू झाली, तीन महिन्यांची रजा झाली. जरा धीर आल्यावर ती पत्ता शोधत ड्रायव्हरच्या घरी गेली. दाराला कुलूप होतं.

“माहेरी गेली ती, मुलीला घेऊन,” शेजारीण म्हणाली. “पोरगी रोज बापाच्या नंबरवर फोन लावायची हो. फोन घरातच, कपाटात वाजायचा. तरी लावायची.”

सिस्टर तिथंच पायरीवर बसली. शेजारणीनं पाणी दिलं, कोण म्हणून विचारलं.

“दवाखान्यातली,” एवढंच तिला सांगता आलं.

आता ती लसीकरणाच्या खोलीत काम करते. दोन गोळ्यांची एक झालीय. वॉर्डात परत कधी येणार, असं मेट्रननं दोनदा विचारलं.

“अजून नाही,” ती म्हणाली.