भावजींनी नापास केलेले कवितासंग्रह

माझे भावजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी चहा पिण्याआधी कपाला टिचकी मारली, कान लावला आणि आमच्या आईला सांगितलं, "ह्याला तडा आहे." तडा होताच. पण तो पाहुण्याने सांगायचा नसतो, हे त्यांना आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

तसा दोष त्यांचा नाही. फरशांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून त्यांचा उभा जन्म गेला. प्रत्येक खोक्यातली वरची एक फरशी, तळाची एक आणि मधली कुठलीही एक काढायची आणि बोटाच्या पेराने वाजवायची. तिन्ही खणखणीत वाजल्या तर माल पास. एक जरी बद्द वाजली तर सगळा लॉट परत. कारखान्याने त्यांना हार घालून निरोप दिला, पण सवय काही निवृत्त झाली नाही. कलिंगडवाला त्यांना लांबून पाहिलं की गाडी पुढे ढकलतो. शेजाऱ्यांचं नवं दार, नवा माठ आणि नवा जावई हे सगळं त्यांचं वाजवून झालंय. जावई बद्द निघाला, असं त्यांचं अजूनही मत आहे.

ताई शाळेत गणित शिकवायची आणि घरी कविता वाचायची. गॅसवर दूध असलं तरी वाचायची, त्यामुळे त्या घरात ओटा कायम चिकट. भावजींनी तिच्या पुस्तकांना जन्मात हात लावला नाही. फार तर पुस्तकांच्या वजनाने फळी वाकलीय का, ते बघायचे.

या उन्हाळ्यात ताईच्या डोळ्याचा पडदा सरकला. दुसरा डोळा आधीपासूनच अधू, त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. ऑपरेशन झालं, डोळ्यात वायू भरला आणि डॉक्टरांनी सांगितलं की पट्टी निघेपर्यंत पालथंच पडून राहायचं. पुन्हा वाचता येईल का, असं ताईने विचारलं. "आत्ता काही सांगता येणार नाही," असं म्हणून डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

मी बॅग भरून मदतीला आले. ताईने रडारड केली नाही. उशीत तोंड खुपसून ती एवढंच म्हणाली, "अहो, मला कविता वाचून दाखवाल? एखादा जुना संग्रह घ्या, नाहीतर एखादा नवा."

दुसऱ्या कुणा नवऱ्याने हाताला लागेल ते पुस्तक उघडलं असतं. आमचे भावजी म्हणाले, "कुठला?"

"तुम्हीच निवडा."

झालं! साऱ्या मराठी कवितेवर संक्रांत आली. जुना म्हणजे कधीपर्यंतचा? नवा म्हणजे कवी हयात असायलाच हवा का? हे सगळं आधी ठरायला हवं होतं. मग कपाट रिकामं झालं, पाठोपाठ वाचनालयातून पिशव्या भरभरून यायला लागल्या. भावजी खाटेजवळ खुर्ची ओढायचे आणि प्रत्येक संग्रहातली पहिली कविता, शेवटची कविता आणि मधली कुठलीही एक, अशा तीन कविता मोठ्याने वाचायचे. मोठ्याने, कारण माल कानाने तपासायचा असतो. मग निकाल लागायचा.

"ओळी सगळ्या एका मापाच्या आहेत, फिनिशिंग चांगलं आहे, पण चंद्र फार वापरलाय. नापास."

"ह्या नव्या माणसाने ओळी मधेच तोडल्यात. कापताना मशीन हललंय. नापास."

"हा पहिल्या पानावर मरायला निघालाय आणि शेवटच्या पानावरही निघतोच आहे. मधल्या काळात हा करत काय होता?"

मी पोळ्या लाटता लाटता दात-ओठ खात होते. बायको पालथी पडलीय, एक अख्खं पुस्तक वाचून दाखवायचं सोडून हे गृहस्थ कवींच्या मुलाखती घेतायत! आणि ताई? कुणी एखाद्या कवीला नावं ठेवली तर जी बाई दोन दिवस फुरंगटून बसायची, ती उशीतून म्हणायची, "बद्दच वाटला मलाही. पुढचा घ्या."

शेवटी भावजी वाचनालयात गेलेले असताना मी पदर खोचून एक संग्रह उघडला. "ताई, मी सलग वाचते. त्यांची निवड होईपर्यंत तुझी पट्टी निघेल."

"तू गप्प बस गं बाई," ताई म्हणाली. "'वाचा' म्हटलं असतं तर चार ओळींत त्यांना जांभई आली असती. तपासायला दिलंय म्हणून सकाळ-संध्याकाळ वाचतायत. आणि पास झालेला माल ते पुन्हा बघत नाहीत. एक जरी पास झाला, तरी वाचन संपलं." मग जरा थांबून म्हणाली, "मला अंधाराची भीती वाटते गं. त्यांचा आवाज चालू असला की वाटत नाही."

मी लाटणं घ्यायला आत गेले ती बराच वेळ बाहेर आले नाही.

नेमकं त्याच संध्याकाळी एका साध्या, पिवळट पडलेल्या संग्रहाच्या तिन्ही कविता खणखणीत वाजल्या. भावजींनी पुस्तक मिटलं, "पास," म्हणाले, वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवलं आणि हात झटकले. खोलीत नुसता पंख्याचा आवाज राहिला.

"अहो," ताई म्हणाली, "मला त्यात तडा ऐकू आला."

आजवर भावजींच्या कानावर कुणी शंका घेतली नव्हती. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "कुठे?"

"ते मला काय माहीत? मी पालथी पडलेय. सगळी पानं वाजवून बघा."

भावजींनी स्टूल घेतलं, पुस्तक खाली उतरवलं आणि अपमानाने लाल होऊन पहिल्या पानापासून वाचायला लागले. मधेच कुठेतरी ते तपासायचं विसरले, हे मला स्वयंपाकघरातूनही कळलं. आवाज खाली आला होता. एका कवितेवर ते अडले, तीच पुन्हा वाचली आणि निकाल काही दिला नाही. पुस्तक संपल्यावर म्हणाले, "तडा नाही कुठे."

"नसेल मग," ताई म्हणाली.

पट्टी निघाली. ताईला खिडकी दिसली, दार दिसलं, माझा चेहरा पुसट दिसला. डॉक्टरांनी तक्ता दाखवला, त्यातली अक्षरं दिसली नाहीत. सगळ्यात वरचं मोठं अक्षरसुद्धा नाही. आता यापेक्षा सुधारणा होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. रिक्षात ताईने माझा हात इतका घट्ट धरला होता की माझी बोटं दुखायला लागली. मला रडू आवरेना, म्हणून मी बाहेर बघत बसले.

घरी आल्यावर ताई खाटेवर बसली, आता उताणी झोपायची परवानगी असूनही तशीच बसून राहिली. भावजींनी चपला काढल्या, पाणी प्यायले. मग स्टूल ओढलं, कपाटावरून तोच पिवळट संग्रह काढला आणि खुर्ची तिच्याजवळ सरकवली.

"हा मी घाईत पास केला," ते म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून बघावा लागेल. आणि नापास केलेलेही सगळे मागवलेत. तीन-तीन कविता बघून काही कळत नाही."

ताई त्यांच्या आवाजाच्या दिशेने वळली आणि म्हणाली, "सावकाश बघा."