परब मॅडमचा अबोला

चारकोपच्या क्रीडा मंडळात सुलक्षणा परब अठ्ठावीस वर्षं मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवत होती आणि एवढ्या वर्षांत तिने एकाही मुलीवर हात उगारला नव्हता. हे ती कुणाला सांगत नसे, पण मनातून तिला त्याचा अभिमान होता. तिचे स्वतःचे गुरू, मधुकर सर, लाकडी पट्टी घेऊनच उभे राहायचे. गुडघा वाकला की पट्टी, पंजा ताणला नाही की पट्टी. घरी आल्यावर आई तिच्या पोटऱ्यांवरच्या वळांना खोबरेल चोळायची. वडील गिरणीत होते. त्यांना वाटायचं, मास्तर एवढं मारतायत म्हणजे पोरीत काहीतरी असणार.

एकोणिसाव्या वर्षी सुलक्षणा राष्ट्रीय स्पर्धेत चौथी आली. "चौथीला कोण विचारतं?" सर एवढंच म्हणाले आणि परतीच्या सबंध प्रवासात तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्या प्रवासात तिने ठरवलं, आपण शिकवू तेव्हा मारायचं नाही. ते तिने पाळलं. न बोलण्याचं काय करायचं, हे मात्र तिच्या डोक्यातच आलं नाही.

मुलगी चुकली की सुलक्षणा गप्प व्हायची. ओरडा नाही, टोमणा नाही. त्या मुलीकडे बघणंच बंद. ती बीमच्या अरुंद तुळईवर चढली की मॅडमची मान दुसरीकडे, उतरली की फक्त "पुढची." असा अबोला दोन दिवस चाले, तीन दिवस चाले, एकदा तर आठवडाभर चालला. मॅडमनी नुसतं बघावं म्हणून मुली जीव तोडून मेहनत करायच्या. मेडलं यायची. पालकांमध्ये बोललं जायचं, परब मॅडम कडक आहेत, पण पोरींचं सोनं करतात.

आई एकदा विसरलेला डबा द्यायला हॉलवर आली होती. तासभर बाकावर बसली आणि घरी आल्यावर आपल्या मालवणीत म्हणाली, "गो सुलू, चेडवां ती, गुरां न्हय."

"मी कुठे मारते त्यांना?"

"मारलंस तर रडती तरी."

सुलक्षणाने ते मनावर घेतलं नाही. आईला खेळातलं काय कळतंय! लग्नाचा विषय कधीच मागे पडला होता. नको असं तिने कधी म्हटलं नव्हतं, पण सकाळ-संध्याकाळ हॉलवर जाणाऱ्या बाईला बघायला पाहुण्यांनी यायचं तरी कधी? भाऊ ट्रॉम्बेच्या क्वार्टर्समध्ये राहायचा, गणपतीला भेटायचा.

स्वरदा दातार सहा वर्षांची असताना हॉलमध्ये आली. बाप विद्याधर बँकेत, आई इरावती शाळेत शिक्षिका. वाचणारी, मोजकं बोलणारी माणसं. मुलगी अंगाने वेताच्या काठीसारखी, पडली तरी डोळे कोरडे. पहिल्याच आठवड्यात सुलक्षणाला कळलं, अशी मुलगी आयुष्यात एकदाच हाताखाली येते. पुढची दहा वर्षं रोज त्या मुलीच्या कमरेखाली तिचा हात होता. उलटी उडी घेताना तिचं वजन किती पुढे पडतं, कुठल्या दिवशी झोप झालेली नाही, सगळं तळहाताला समजायचं. ती राज्यात पहिली आली, मग पुन्हा पहिली आली.

स्वरदा सोळा वर्षांची झाली तेव्हा राष्ट्रीय शिबिराची निवड तोंडावर होती. निवडीला वीस दिवस उरले असताना ती बीमपाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, कंबर दुखतेय."

"कंबर सगळ्यांचीच दुखते. चढ."

स्वरदा चढली, पण तिने उडी अर्धवट सोडली. सुलक्षणाने मान वळवली आणि पुढच्या मुलीला बोलावलं. त्यानंतर चार दिवस ती स्वरदाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी स्वरदाने न सांगता बीमवर चढून सबंध रचना पुरी केली. शेवटच्या उडीनंतर पाय बरोबर टेकले, हात वर गेले, आणि मग ती मॅटवर हळूच बसली. उठली नाही.

मणक्याला चीर होती. डॉक्टरांनी सांगितलं, आजची नाही, तीन महिन्यांची आहे. एवढे दिवस हिने सहन कसं केलं, असं त्यांनीच उलट विचारलं.

किटबॅग न्यायला इरावतीबाई एकट्या आल्या. सुलक्षणा दारातच उभी होती. "मला वाटलं ती घाबरतेय," ती म्हणाली.

"ती घाबरतच होती, मॅडम," इरावतीबाई शांतपणे म्हणाल्या. "तीन महिने तिने मलासुद्धा सांगितलं नाही. सांगितलं तर तुम्हाला कळेल म्हणून."

बॅगेची चेन नीट लावून त्या निघून गेल्या. स्वरदा पुन्हा हॉलवर आली नाही. सुलक्षणाने फोन केला नाही. उद्या करू, निवडीचा निकाल लागला की करू, ती बरी झाली की करू, असं म्हणता म्हणता वर्ष गेलं. वर्षानंतर फोन करायला काहीतरी निमित्त लागतं, आणि ते तिला सापडलं नाही.

मुली येत राहिल्या, मेडलंही आली. चार वर्षांनी आई गेली. तिसऱ्या दिवशी हॉलच्या मुली भेटायला आल्या. चारकोपच्या त्या छोट्या घरात बारा मुली भिंतीला लागून उंचीप्रमाणे उभ्या राहिल्या, हात पाठीमागे. कुणी जवळ आली नाही, कुणी बोलली नाही. दहा मिनिटांनी सगळ्यात मोठी म्हणाली, "मॅडम, आम्ही जाऊ?" सुलक्षणाने मान हलवली. त्या ओळीनेच जिना उतरल्या. खाली पोचल्यावर मात्र त्यांचा आवाज फुटला. सगळ्या एकदम बोलत होत्या, कुणीतरी हसलंही. सुलक्षणा खिडकीत उभी राहून ऐकत होती. ह्यांतल्या एकीचंही हसणं तिला ओळखता आलं नाही.

मग श्रुतिका आली. अकरा वर्षांची, स्वरदासारखी नव्हे, पण पायांत स्प्रिंग असलेली. तिचे वडील देवदत्त सावंत रोज सराव बघायला बसायचे आणि मोबाइलवर चित्रण करायचे. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी श्रुतिकाने व्हॉल्टच्या टेबलावरून उडी घेतली. पाय टेकताच तिने उजवा पाय क्षणभर उचलला. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं.

"दुखतंय?" सुलक्षणाने विचारलं.

"नाही मॅडम."

उत्तर फार लवकर आलं. प्रश्न पुरा व्हायच्या आत आलं. सुलक्षणाला वाटलं, हे खोटं आपण ओळखतो. हे आपणच शिकवलंय. तिने मुलीला बाकावर बसवलं, मोजा काढला. घोटा टम्म सुजला होता.

"कधीपासून?"

श्रुतिका बापाकडे बघायला लागली.

राज्य स्पर्धा पाच आठवड्यांवर होती. सुलक्षणाने देवदत्तना बाजूला घेऊन सांगितलं, "एक्स-रे काढा. आणि ही स्पर्धा सोडा. पुढच्या वर्षी खेळेल."

"स्पर्धा सोडा?" देवदत्तना आधी ती थट्टाच वाटली. "मॅडम, आम्ही तुमचं नाव ऐकून आलो. तुमच्याकडे मुली रडतात पण मेडल आणतात, म्हणून आलो. ही असली लाडीगोडी घरी आई करतेच की."

"पाय जाईल तिचा."

"थोडं फार सगळ्यांचंच दुखतं ना."

 तिचंच वाक्य होतं ते, फक्त दुसऱ्याच्या तोंडी.

आठवड्याभरात देवदत्तनी मुलीला मुलुंडच्या अकॅडमीत घातलं. मंडळाच्या सेक्रेटरीने सुलक्षणाला विचारलं, "काय मॅडम, हल्ली ढिल्या पडलात का?" अंधेरीच्या हॉलमध्ये राज्य स्पर्धा झाली तेव्हा ती वरच्या रांगेत एकटी जाऊन बसली. श्रुतिकाच्या घोट्याला कातडीच्या रंगाची पट्टी करकचून बांधलेली होती. तिला तिसरा क्रमांक मिळाला. बक्षीस घ्यायला चढताना तिने डावा पाय आधी टाकला, उतरताना उजवा, म्हणजे दोन्ही वेळा भार डाव्यावरच. देवदत्त पुढे धावून चित्रण करत होते. सुलक्षणाला उठून ओरडावंसं वाटलं. पण कुठल्या तोंडाने?

पुढच्या रविवारी तिने मेट्रो पकडली आणि अंधेरीला बदलून घाटकोपरला गेली. स्वरदा तिथे एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे, हे तिला तीन वर्षांपासून ठाऊक होतं. रविवारी सकाळी दवाखाना अर्धा दिवस उघडा असे. ती पेशंटांच्या रांगेत बसली. नाव पुकारलं तेव्हा आत गेली.

स्वरदा पंचवीस वर्षांची झाली होती. चष्मा लागला होता. खुर्चीत कमरेमागे उशी होती. ती उठून उभी राहिली आणि सुलक्षणाने बघितलं, उभी राहता राहता तिचे हात आपोआप पाठीमागे गेले. स्वरदाच्याही ते लक्षात आलं. तिने हात मुद्दाम पुढे घेतले.

"बसा मॅडम. काय दुखतंय?"

"काही नाही. तुला बघायला आले."

 सुलक्षणा खुर्चीत बसली आणि म्हणाली, "माझं चुकलं, स्वरदा. नऊ वर्षांपूर्वी यायला हवं होतं."

"हो. यायला हवं होतं," स्वरदा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मी वाट बघायचे. सहा महिने पलंगावर होते ना, दाराची बेल वाजली की मला वाटायचं तुम्ही असाल. आई म्हणायची, दूधवाला आहे गं."



"पाठीचं सोडा. पाठ कोणाचीही मोडते, आमच्याकडे रोज येतात. पण ते चार दिवस. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत ते. मला अजून कोणी मेसेजला उत्तर दिलं नाही ना, की मी आपलं काय चुकलं ते शोधत बसते." तिने चष्मा काढून पुसला. "मला बीम खूप आवडायची. तुम्हाला माहीत होतं?"

"नव्हतं. मला वाटायचं, तुला बार आवडतात."

"बार तुम्हाला आवडायचे."

बाहेर पुढचा पेशंट खोकला. सुलक्षणा उठली. पण दाराशी तिने वळून श्रुतिकाचं सगळं सांगितलं. घोटा, पट्टी, बापाचं बोलणं, आणि त्या बोलण्यावर आपण गप्प राहिलो तेही. स्वरदा ऐकत राहिली. मग तिने मोबाइल उचलला.

"त्यांचा नंबर द्या."

"तो माझं ऐकत नाही."

"तुमचं नाही. माझं ऐकू दे."

तिथेच, सुलक्षणासमोर, ती देवदत्त सावंतांशी बोलली. "नमस्कार. मी स्वरदा दातार. परब मॅडमची विद्यार्थिनी. होय, तीच, दोनदा राज्यात पहिली आलेली. नाही, आता खेळत नाही. का ते सांगायलाच फोन केलाय." दहा मिनिटं ती बोलत होती. मणक्याचं सांगितलं, सहा महिन्यांचं सांगितलं, अजून तासभर सलग बसता येत नाही तेही सांगितलं. मॅडमचा अबोलाही सांगितला, काहीही न वगळता. सुलक्षणा उभ्याने ऐकत होती. एवढं सलग बोलताना तिने स्वरदाला पहिल्यांदाच ऐकलं.

फोन ठेवून स्वरदा म्हणाली, "बघू या काय करतात ते." तिने मॅडमना दारापर्यंत सोडलं नाही.

नवव्या दिवशी देवदत्तांचा निरोप आला. एक्स-रे काढला, हाडाला बारीक चीर आहे, दोन महिने सगळं बंद. आभार वगैरे काही नव्हते. श्रुतिका चारकोपला परत आली नाही. मुलुंडलाही गेली नाही. ती आता शाळेच्या संघात कबड्डी खेळते असं कुणीतरी सांगितलं.

सुलक्षणाने मंडळाला पत्र देऊन स्पर्धेच्या मुली जान्हवी नावाच्या तरुण प्रशिक्षिकेकडे सोपवल्या. स्वतः पाच-सहा वर्षांच्या मुलांचा वर्ग घेतला. "एवढा अनुभव आणि कोलांट्या शिकवणार?" सेक्रेटरीने विचारलं. ती म्हणाली, "हो." पोरं बडबड करतात, मध्येच उठून पाणी प्यायला जातात, एक मुलगा रोज आपला हलणारा दात दाखवतो. त्यांच्याशी काय बोलायचं ते तिला अजून सुचत नाही. ती घरून दोन-तीन वाक्यं ठरवून जाते आणि ती संपली की नुसती हसते. मुलांना चालतं.

स्वरदाला तिने दिवाळीला मेसेज पाठवला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, "तुम्हालाही शुभेच्छा." सुलक्षणाने पुढे काही लिहिलं नाही. घाई करण्याचा हक्क आपला नाही, एवढं तिला समजलं होतं.

लहान मुलांचा वर्ग लवकर सुटतो. साडेसहाला ती घरी असते. कुकर लावते, तो होईपर्यंत खिडकीत उभी राहते. समोरच्या इमारतीत एकेक दिवा लागत जातो. जेवायला बराच अवकाश असतो, आणि तोवर काय करायचं असतं हे छपन्नाव्या वर्षी ती नव्याने शिकते आहे.