निर्मलाताईंचं कोरं पान

निर्मलाताई कुठलंही मासिक हातात आलं की आधी उलटं धरायच्या. चाळायच्या नाहीत, वाचायच्या नाहीत. डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेतल्या, पानावरच्या मॉडेलकडे चष्मा कपाळावर सरकवून बघत राहायच्या. मी त्या फॅशनच्या मासिकात उपसंपादक म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी हे दृश्य पाहिलं. मी चार ओळींचा मजकूर लिहून नेला होता. त्यांनी पान उलटं केलं, जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "दोन ओळी काढ. उजवीकडे कलंडतंय."

"पण ताई, उलटं धरल्यावर वाचता कसं येतं?"

"वाचायचंच नसतं. उलटं धरलं की नाक-डोळे जातात, शब्द जातात. उरतं ते पानाचं वजन. वाचायला लागलीस की पान दिसायचं बंद होतं."

मी मराठी घेऊन एम. ए. केलेलं. शब्द गेल्यावर काही उरतं, हे मला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

ताई त्या मासिकाच्या कला-संपादक होत्या. फोटो निवडायचे, कुठला मोठा, कुठला लहान ते ठरवायचं, अक्षरं कुठे बसवायची ते बघायचं, हे त्यांचं काम. आम्ही दोघीही पनवेलच्या. मी नव्या पनवेलात, त्या विचुंब्याला एका इमारतीत एकट्या. मूळच्या उरणकडच्या, मिठागरं असलेल्या घरातल्या. एकदा कुठल्याशा वर्तमानपत्राच्या बाईने त्यांच्यावर लेख लिहिला. त्यात म्हटलं होतं, की मिठाच्या पांढऱ्या राशी बघत वाढल्यामुळे यांना कोऱ्या जागेचं सौंदर्य कळतं. सगळं ऑफिस तो लेख घेऊन कौतुक करायला आलं. ताई वैतागल्या.

"मिठागरात डोळे जळतात," त्या म्हणाल्या. "पायांना चिरा पडतात. माझी बहीण तिथे घमेली उचलायची. सौंदर्य बघायला वेळ कुणाला होता?"

या बहिणीचा, यमुनाबायचा, दुपारी फोन यायचा. तो घेताना ताईंची भाषा बदलायची. "नाय गो बाय, आज नाय जमाचं. काम हाय." एरवी ऑफिसात शब्द मोजून, शुद्ध बोलणारी ही बाई फोनवर अशी सैल झाली की मला बरं वाटायचं. आईवडील लवकर गेले, यमुनाबायने धाकटीला वाढवलं, मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात पाठवलं. पण धाकटी फॅशनच्या मासिकात गेली हे तिला कधीच पटलं नाही. "उघड्या बायांची पुस्तकं," म्हणायची. ताईंनी गावी नेलेला एकही अंक तिने उघडला नव्हता. ताई हे सांगताना हसायच्या, पण नेणं मात्र त्यांनी पुढे बंद केलं.

बघायचं कसं, हे मला त्यांनी शिकवलं. जेवणाच्या सुट्टीत परदेशी अंक उघडून बसायच्या. "आधी उजेड कुठून आलाय ते बघ. मग पाय बघ. चेहऱ्याला हसायला शिकवलेलं असतं, पायांना कुणी काही शिकवत नाही. पाय अवघडलेले असतील तर फोटो खोटा." दोन पानांवर पसरलेला फोटो असेल तर त्या मधल्या घडीवर बोट फिरवायच्या. "घडीत माणूस अडकवायचा नाही. झाड अडकव, भिंत अडकव. माणूस नाही." एखाद्या कपड्यांच्या गोष्टीची, म्हणजे एकाच विषयावरच्या सलग फोटोंची, आठ-दहा पानं एका ओळीत मांडून म्हणायच्या, "बघ, हे पान मोठ्याने बोलतंय, म्हणून पुढचं गप्प आहे. सगळीच ओरडायला लागली तर बघणाऱ्याने जायचं कुठे?" मला तोवर वाटायचं, सुंदर बाई आणि महाग कपडा असला की झाला फोटो. त्यानंतर अंक पूर्वीसारखा चाळता आला नाही.

एका दिवाळी अंकासाठी आम्ही पनवेलजवळच्या आपटा गावी गेलो होतो. पाताळगंगेच्या काठी साड्यांचे फोटो काढायचे होते. गणपती नुकतेच गेलेले, नदी भरलेली आणि ऊन असं की दगडांवर पाय ठेववेना. मॉडेल कुठून तरी लांबून आलेली, विशीतली मुलगी. सकाळपासून सात साड्या नेसून-सोडून झाल्या होत्या. दुपारी फोटोग्राफर कॅमेऱ्याचं काहीतरी जुळवत होता, तेवढ्यात ती दगडावर बसली. निऱ्या मुठीत धरून पाय पाण्यात सोडले. ब्लाउज मागून चिमट्यांनी आवळलेला, ते चिमटे दिसत होते. ती कुणाकडेच बघत नव्हती. फोटोग्राफरने उजेड तपासायला म्हणून बटण दाबलं.

ऑफिसात शेकडो फोटोंतून ताईंनी तोच उचलला. उजव्या पानावर ती मुलगी. डावं पान पूर्ण कोरं, फक्त खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत साडीचं नाव. अंकातल्या साड्यांच्या गोष्टीची सुरुवात अशी.

मालकांनी पान पाहिलं. "साडी कुठेय यात?"

"तिच्या अंगावर."

"अहो, दमलेली बाई दाखवून साडी विकायची? दिवाळीत?"

"आपला अंक वाचणाऱ्या बायका दमलेल्याच असतात, साहेब," ताई म्हणाल्या. "एकदा त्यांना कुणीतरी ओळखीचं दिसू दे."

साहेब शेवटी हो म्हणाले. आम्हाला वाटलं, जिंकलो. अंक छापून आला तेव्हा कोऱ्या पानावर साडीच्या दुकानाची जाहिरात होती आणि मुलीच्या मांडीवरून तिरक्या लाल अक्षरांत 'दिवाळी धमाका' गेलं होतं. ताईंना न विचारता परस्पर छापखान्यात हे उरकलेलं. मी अंक त्यांच्या टेबलावर आपटला. ताईंनी अंक मिटून खणात ठेवला आणि पुढच्या महिन्याचे फोटो टेबलावर मांडले.

"तुम्ही काहीच बोलणार नाही?"

"मी रोज थोडं भांडते, सुनीता. आजचं परवाच भांडून झालं."

त्या वाक्यात केवढा थकवा होता ते मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं. राजीनामा देणारी माणसं लोकांच्या लक्षात राहतात. ताई राजीनामा न देता पुढे वर्षानुवर्षं तिथे राहिल्या, आणि प्रत्येक अंकात कुठेतरी एखादं पान वाचवलं. वाचवलेल्या पानाबद्दल कुणी पत्र लिहिलं नाही. त्यांनी तशी अपेक्षाही कधी केली नाही.

मग कागद महागला, जाहिराती आटल्या, मासिक छापायचं थांबलं आणि नुसतं फोनवर उरलं. ताईंनी तेही काही दिवस केलं. "बोटाने सरकवायचं पान," त्या म्हणायच्या. "त्याला घडी नाही, शेजारचं पान नाही. बिचारं एकटंच." पुढे आम्हा सगळ्यांनाच निरोप मिळाला. मी घरी बसून शाळेच्या गाइडांची मुद्रितं तपासायला लागले. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. दिवस औषधांच्या वेळांवर चालायचा. आणि तिकडे ताईंच्या मूत्रपिंडांनी काम करायचं सोडलं.

डायलिसिस नव्या पनवेलातच, माझ्या घरापासून जवळ. जमेल तेव्हा मी जाऊन बसायची. डाव्या हातात दोन सुया, तो हात हलवायचा नाही. यंत्राची घरघर, गार खोली, भिंतीकडे तोंड करून बसलेली माणसं. पाणी मोजून प्यायचं, म्हणून ताई बर्फाचा एक तुकडा तोंडात धरून बसायच्या. पहिल्यांदा त्यांनीच सुचवलं, "घरातले अंक आण. मला एका हाताने धरता येत नाहीत. तू धर."

मग मी त्यांच्यासमोर अंक धरायची आणि त्या मानेने खूण करायच्या: पुढे, थांब, मागे घे. बोलणं हळूहळू कमी होत गेलं. कधी एकाच पानावर अर्धा तास जायचा. माझे हात भरून यायचे. कोपर त्यांच्या खुर्चीच्या दांड्यावर टेकवून मी बसायची आणि मलाही घरचं काही आठवायचं नाही. एकदा त्या म्हणाल्या, "थकलेल्या माणसाने चांगली पानं बघावीत. ती आपल्याकडे काही मागत नाहीत."

पण हे रोज खरं नव्हतं. पायांत गोळे यायचे, रक्तदाब उतरायचा. एके दिवशी मी अंक उघडला तर त्यांनी तोंड फिरवलं. "आज मिट. आज सुंदर काही बघवत नाही." मी अंक पिशवीत टाकला. आम्ही दोघी समोरच्या भिंतीकडे बघत बसलो.

एकदा सासूबाई पलंगावरून पडल्या आणि मला जाता येईना. मी ताईंच्या भाच्याला, यमुनाबायच्या मुलाला, फोन केला. त्याला काम होतं. मग यमुनाबायच आली, गावाहून रिक्षा करून. मी घरचं उरकून पोचले तेव्हा शेवटचा तास चालू होता. दारातूनच मला ती दिसली. उंच, हाडापेराने मोठी, पदर खोचलेला. तिने अंकांची पिशवी मांडीवर घेतली होती आणि वेळ जाईना म्हणून एकेक काढून बघत होती. त्यात ताईंनी जपलेलं आपट्याच्या फोटोचं छपाईपूर्वीचं पान होतं, लाल अक्षरं पडण्याआधीचं. तिने ते उलगडलं.

"ही कोन गो, निमे?"

"मॉडेल. आपट्याला फोटो काढलेला."

यमुनाबायने पान लांब धरलं, मग जवळ घेतलं. "दमलेय पोर." मग तिने विचारलं, "कुनी पानी दिलं का तिला?"

ताईंनी हातातली बर्फाची वाटी हलवली. यंत्र घरघरत होतं. मग त्या म्हणाल्या, "दिलं गो. मीच दिलं."

"मग बरं." ती अजून बघतच होती. कोऱ्या पानावरून तिने तळहात फिरवला. "इकडं काय नाय? छापायचं राहिलं?"

"नाय. ती बसलेय ना, म्हणून जागा ठेवली."

"बरं केलंस," यमुनाबाय म्हणाली. तिने पान होतं त्याच घडीवर मिटलं आणि पिशवीत न टाकता मांडीवरच ठेवलं. ताईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि सुयांचा हात हलवता येत नव्हता. दुसऱ्या हातात बर्फाची वाटी. मी पुढे होणार होते. तेवढ्यात यमुनाबायने आपल्या पदराने त्यांचं तोंड पुसलं. खरखरीत, लहान मुलाचं पुसावं तसं.

त्यानंतर डायलिसिसला यमुनाबायच यायची. मी गेले तरी मला अंक धरू द्यायची नाही. कपड्यांवरून दोघींचं भांडण चालायचं. "ह्या पोरीला जेवाला देत नाय वाटतं," असं ती मोठ्याने म्हणायची आणि शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा हसायचे. ताई थकलेल्याच असायच्या, पण मला त्या आता एकट्या वाटत नव्हत्या.

उन्हाळा सरता सरता त्या गेल्या. सकाळी चहाच्या वेळी, यमुनाबायच्या घरी, गावात. हृदय थांबलं. मला फोन आला तेव्हा मी सासूबाईंना भरवत होते. वाटी संपेपर्यंत भरवत राहिले आणि मग रडले.

दहाव्याला गावी गेले. नाक्यावर रिक्षातून उतरले आणि समोर श्रद्धांजलीचा फ्लेक्स. दोन मजली घराएवढा. सोनेरी महिरप, दोन्ही बाजूंना समया, वर ढगांतून येणारे किरण, उडणारी कबुतरं. नाव जांभळ्या अक्षरांत, त्याला पिवळी कड, कडेला परत सावली. खाली शोकाकुल नातेवाइकांचे बारीक चौकोनी फोटो, कुणाच्या डोळ्यांवर गॉगल. आणि मध्ये ताई. भाच्याच्या हळदीतला फोटो असावा. गाल पिवळे, तोंड उघडं, खळखळून हसणाऱ्या. कुणीतरी घाईघाईने कापून काढलेला. केसांभोवती पांढरी कड राहिलेली, आणि खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी, बांगड्या घातलेला एक सुटा हात.

एवढी वर्षं पान जपणाऱ्या बाईच्या वाट्याला हे यावं, म्हणून मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाच्याला भेटून हे उतरवायला सांगावं, माझ्याकडचा चांगला फोटो द्यावा, असं मनात घोळवत मी उन्हात उभी राहिले. यमुनाबाय कधी शेजारी आली ते कळलं नाही.

"पोरानं सकाळीच लावला," ती म्हणाली. "तू तिच्याबरोबर काम केलंस, तुला कळतं त्यातलं. सांग, बरा हाय ना?"

मी वर बघितलं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "हा खांद्यावरचा हात कुणाचा राहिलाय?"

"माजा." ती वरच बघत होती. "दुकानवाला काढाला निघाला होता. मी म्हटलं, असू दे. ऱ्हाऊ दे तिच्या खांद्यावर."

ऑफिसात इतकी वर्षं काढली, पण ताईंना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्याकडच्या सगळ्या चांगल्या फोटोंत त्या नीट उभ्या होत्या, उजेड बरोबर होता आणि तोंड मिटलेलं होतं.

"बरा आहे," मी म्हटलं.

"खरं सांग."

"खरंच. हात काढला असता तर बिघडला असता."

तिने मान हलवली, पदराने कपाळ पुसलं. "चल, जेवून घे. सकाळपासून काय खाल्लं नसशील."

मी तिच्यामागे घराकडे निघाले.